मिस बकुळाची नलू

नलूमावशींना व्यायाम आकड्यांत मोजलेला चालत नसे. पहिल्या दिवशी मी त्यांच्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि "दाबा, एक, दोन, तीन" असं सुरू केलं, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"एक-दोन-तीन काय करतेस? मी काय गोणी आहे उचलायला? सोळा मात्रा धर. समेवर सोडते."

मला मात्रा धरता येत नव्हत्या. मग त्यांनीच गादीवर बोटं आपटत धा-धिं-धिं-धा सुरू केलं आणि शहाऐंशी वर्षांचा तो पाय सोळा मात्रा दाबून धरला. खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झाल्याला तीन आठवडेही झाले नव्हते. समेवर पाय सैल सोडून त्या म्हणाल्या, "असं मोजलं की दुखतं ते निदान बेसूर दुखत नाही."

मी फिजिओथेरपिस्ट. मूळची अकोल्याची, नवऱ्याच्या नोकरीमागे मस्कतला आले त्याला बारा वर्षं झाली. राहते वादी अदाईला आणि दवाखान्यातर्फे घरोघरी जाऊन पेशंट बघते. मदिनत सुलतान काबूस या भागातल्या मावशींच्या बंगल्यात मी आठवड्यातून तीन सकाळी, दीड वर्ष जात होते. मुलगा श्रीकांत पाण्याच्या प्रकल्पावर इंजिनिअर, सून मेधा शाळेत शिक्षिका, नात सानिका त्याच शाळेत. साडेसातला तिघं बाहेर पडत. नऊला मी पोचे तेव्हा घरात मावशी एकट्या असत, खिडकीजवळच्या खुर्चीत, ओठांना फिकट लिपस्टिक लावून.

"व्यायामाला लिपस्टिक?" मी एकदा विचारलं.

"तू बघतेस की."

आजी म्हणू द्यायच्या नाहीत. "मावशी म्हण. आजी म्हटलं की माणसं ऐकल्यासारखं करतात आणि ऐकत नाहीत." माझं नाव संघमित्रा, त्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं 'मित्रा' केलं. व्यायाम पुरे झाला की "कट!" म्हणायच्या. आणि कुणी त्यांच्याशी बोलायला आलं, अगदी साफसफाईला येणारी बाई जरी, तरी आधी तिला खिडकीकडे वळवायच्या: "जरा उजेडाकडे तोंड कर बघू." कान शाबूत होते, डोळेही बरे होते. ती नुसती सवय होती. कुठून आली ते मला पुढे कळलं.

त्या खिडकीतून उघडे तपकिरी डोंगर दिसत. सकाळी त्यांच्यावर धुरकट, दुधाळ उजेड असे. मग ऊन चढत जाई, डोंगर फिके फिके होत आणि अकराच्या सुमारास आभाळ कुठे संपलं आणि दगड कुठे सुरू झाला ते कळेनासं होई. त्या उजेडात मावशी बोलायला लागल्या की मला मी कुठे आहे याचा विसर पडे.

सुरुवात एका गाण्याने झाली. टाच गादीवर मागे-पुढे सरकवताना त्या गुणगुणत होत्या:

"मोटार हाकीन मीच गडे, तुम्ही बसा मागे... पों पों!"

ते 'पों पों' इतकं खट्याळ होतं की मला हसू फुटलं. "कुणाचं हो हे?"

"माझ्या आईचं."

"त्या गायच्या?"

मावशींनी दाराकडे पाहिलं. घरात कुणी नव्हतं हे त्यांना माहीत होतं, तरी पाहिलं.

"सांगेन. पण श्रीला कळता कामा नये. त्याला वाटतं त्याची आजी मास्तरीणबाई होती. तिचं नाव सीता."

मग पुढचे कितीतरी महिने, थोडं थोडं करत, त्यांनी मला त्यांची आई सांगितली.

तिचं खरं नाव द्वारका. वेंगुर्ल्याजवळच्या एका खेड्यातली, देवळात गाणाऱ्या बायकांच्या घरातली. बारा-तेरा वर्षांची असताना एक मावशी तिला बोटीने मुंबईला घेऊन गेली, गाणं शिकवायला. द्वारकेचा आवाज बारीक होता, पण धारदार होता. त्या काळी गाणारीला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावं लागे आणि बारीक धारदार आवाज तबकडीवर चांगला उतरे. सतराव्या वर्षी तिची पहिली तबकडी निघाली. 'द्वारकाबाई' हे नाव कंपनीच्या साहेबाला जड वाटलं. त्या दिवशी तिच्या वेणीत बकुळीचा गजरा होता. झाली मिस बकुळा.

"बाकीच्या बायका राग गात, अभंग गात," मावशी म्हणाल्या. "आईने काय केलं, तर नव्या पोरींची गाणी गायली. मोटार चालवणारी पोर, टेनिस खेळणारी पोर, नवऱ्याला चहा करायला लावणारी पोर. लोक नावं ठेवायचे आणि तबकड्या घ्यायचे."

मूकपटवाल्यांनी तिला उचललं ते त्या मोटारीच्या गाण्यामुळे. चित्राला आवाज नव्हता. त्यांना फक्त तिचा चेहरा आणि तो नखरा हवा होता. पहिल्याच चित्रात तिने मोटार चालवली. "तिला कुठली चालवता येतेय! चाक धरून बसायची आणि चार हमाल मागून गाडी ढकलायचे. पडद्यावर ते दिसायचे नाहीत. आई म्हणायची, पुढे मी ऐटीत आणि मागून शिव्या ऐकू यायच्या, बरं झालं चित्र मुकं होतं." दिव्यांचा भरवसा नसे, उन्हात चित्रीकरण चाले, आणि दिग्दर्शक सारखा ओरडत असे: बकुळा, उजेडाकडे तोंड कर. ते वाक्य तिच्या जिभेवर बसलं. पुढे लेकीला जेवायला वाढतानासुद्धा म्हणे.

दुसऱ्या चित्रासाठी तिने केस कापले. कानापर्यंत. विलायतेच्या मासिकातलं चित्र दाखवून न्हाव्याकडून कापून घेतले. मुंबईत बायका तिला बघायला गॅलरीत यायच्या, दोन-चार धीट पोरींनी तसे कापलेही. ती मोठ्या हौसेने गावी गेली. बोटीतून उतरली, पदर वाऱ्याने खाली आला, आणि धक्क्यावर उभी असलेली तिची आई मटकन खालीच बसली.

"गो चेडवा," ती माउली रडत म्हणाली, "घोव गावच्या आदीच केस गेले तुजे?"

बाईचे केस कापलेले तिने एकाच कारणाने पाहिले होते, नवरा गेल्यावर. द्वारका हसून सांगत होती की अगं, फॅशन आहे, पण आईने तीन दिवस सुतकासारखं अन्न टाकलं. चौथ्या दिवशी द्वारकेने कापलेली वेणी ट्रंकेतून काढून आईच्या ओटीत ठेवली. मग ती जेवली.

हे सांगताना नलूमावशींनी आपल्या पांढऱ्या अंबाड्यावरून हात फिरवला. "मी कधी कापले नाहीत. हिंमत नव्हती."

मग बोलपट आले. बाकीच्या नट्यांना बोलता येईना, गाता येईना. मिस बकुळाला दोन्ही येत होतं. तिची ती तीन-चार वर्षं म्हणजे नुसती दिवाळी. मायक्रोफोन फुलांच्या कुंडीत लपवलेला असायचा आणि आवाज नीट यावा म्हणून तिला कुंडीकडे बघूनच गावं लागे. नायक बाजूला हात पसरून उभा. "लोकांना वाटायचं हिचं कुंडीवरच प्रेम आहे," मावशी म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की मला व्यायाम थांबवावा लागला. मध्येच एखादा कावळा ओरडला की सगळं पुन्हा. स्टुडिओत कावळे हाकलायला एक माणूसच ठेवला होता.

"आणि तुमचे वडील?" मी विचारलं.

"त्यांचं नाव आईने मला सांगितलं. मी तुला सांगणार नाही." टाच पुन्हा सरकवत म्हणाल्या, "आले नाहीत पुन्हा. एवढं पुरे."

नलूच्या जन्मानंतर बकुळा परत कामाला गेली तेव्हा वर्षभरातच सगळं पालटलं होतं. नव्या पोरी आल्या होत्या. अठ्ठाविसाव्या वर्षी तिला नायकाच्या आईचं काम मिळालं. नायक तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा होता. केसांना पांढरा रंग लावून तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, "बाळ, लवकर घरी ये" म्हणाली आणि ते तिचं शेवटचं चित्र. मूकपट तर सगळे गेलेच, काही जळाले, काही भंगारात. बोलपटांचंही कुठे काही उरलं नाही. उरल्या त्या पंधरा-वीस तबकड्या, गिरगावातल्या दोन खोल्यांत, कपड्यांच्या कपाटात. ती शेजारच्या मुलींना गाणं शिकवी, आणि शाळेत घालताना तिने लेकीच्या नावापुढे आपल्या भावाचं नाव लावलं. वडील म्हणून मामा, आई म्हणून सीतामामी. मामा शिक्षक होते, म्हणून मामी मास्तरीणबाई. "तिने स्वतःच केलं ते. मला म्हणाली, शाळेत मला बकुळामावशी म्हण. मी म्हणायला लागले. मुलांना सगळं लवकर जमतं."

एवढं मावशींनी हसत-खेळत सांगितलं. पुढचं सांगायला त्यांना दोन महिने लागले. तोवर त्या वॉकर सोडून काठीवर आल्या होत्या आणि आम्ही बंगल्याच्या अंगणात, बोगनवेलीच्या सावलीत फेऱ्या मारत होतो. चालता चालता त्या थांबल्या.

"मित्रा, त्या तबकड्या मी फोडल्या."

लग्न ठरत होतं. मुलगा पुण्याचा, बँकेत नोकरीला, घर सोवळ्याचं. बघायला मामांच्या घरी येणार होते, पण नलूचं सामान, तिचे कपडे आईकडे होते, कुणी तिथे आलंच तर? वीस वर्षांची नलू भीतीने वेडी झाली होती. आई दुपारी बाहेर गेल्याचं बघून तिने कपाट उघडलं आणि एकेक तबकडी काढून जिन्याच्या कठड्यावर आपटली. लाखेच्या तबकड्या, बशीसारख्या फुटत. आई मध्येच परत आली. दारात उभी राहून बघत राहिली. ओरडली नाही.

"काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, नीट गोळा कर गं, पायात तुकडा जाईल. आणि खराटा आणून दिला मला."

मी त्यांची काठी नीट टेकवली आणि आम्ही पुढची फेरी सुरू केली.

लग्नात मिस बकुळा शेवटच्या रांगेत बसली होती, मामांच्या शेजारच्या बाई म्हणून. नाव घेणं झालं, गाणी झाली. कुणीतरी म्हणालं, शेजारच्या बाई छान गातात म्हणे, म्हणा ना एखादं. ती दोन ओळींची ओवी गायली, अगदी खालच्या पट्टीत. नलूच्या सासूबाई म्हणाल्या, "आवाज ओळखीचा वाटतो हो." त्यावर ती म्हणाली, "माझा आवाज सगळ्यांनाच ओळखीचा वाटतो," आणि ताट घेऊन आत गेली.

त्यानंतर माय-लेकी पाच-सहा वेळा भेटल्या असतील. मग एके दिवशी मामांचं पोस्टकार्ड आलं: शेजारच्या बाई वारल्या. नलू पुऱ्या तळत होती. सासूबाईंनी विचारलं, कोण गेलं? ती म्हणाली, माहेरच्या शेजारच्या बाई. आणि पुऱ्या तळत राहिली.

"यजमानांना सांगायला हवं होतं," मावशी म्हणाल्या. "चांगले होते. पण चांगल्या माणसाला सांगणं फार कठीण असतं गं. वाईट माणूस निदान भांडतो."

मला तेव्हा कळलं की त्या मस्कतला का आल्या. यजमान गेल्यावर श्रीकांतदादांनी विचारलं आणि त्या एका शब्दात हो म्हणाल्या, याचं घरात सगळ्यांना नवल वाटलं होतं. त्याआधी त्या कुणाकडे चार दिवस राहत नसत. मेधावहिनी म्हणायच्या, आईंना समुद्र आवडतो. खरं कारण वेगळं होतं. मिस बकुळा लेकीला सांगायची, माझ्या तबकड्या मस्कतला जातात. मुंबईहून कापड न्यायला येणारा एक अरब व्यापारी दर फेरीला डझनभर तबकड्या घेऊन जायचा, आणि त्यातही मोटारीचं गाणं हमखास. म्हणून या बाई आठ वर्षं दर शुक्रवारी संध्याकाळी मुलाला मत्राहच्या बाजारात घेऊन जात होत्या. घरच्यांना वाटे, आईला चांदीची हौस आहे. त्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत शिरत आणि पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन बघत. ते सगळे मुरादाबादहून आलेले, नवेकोरे, शोभेचे.

"मला फक्त शेवट ऐकायचाय," त्या म्हणाल्या. "जुन्या रिवाजाप्रमाणे गाणं संपल्यावर आई इंग्रजीत नाव सांगायची, माय नेम इज मिस बकुळा. मोटारीचं गाणं भरलं त्या दिवशी पेटीवाल्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि तिला हसू फुटलं. ते हसू तसंच राहिलं तबकडीत. मी लहानपणी सुई उचलून सारखी तेवढंच लावायची. आता मला तिचा चेहरा आठवतो, मित्रा. हसणं आठवत नाही."

मत्राहमध्ये माझा एक पेशंट होता, हाजी मूसा. बलुच घराण्यातले, ऐंशीच्या पुढचे, खांदा आखडलेला. जुन्या मस्कतकरांसारखं त्यांना हिंदी छान येई. वडिलांचं कापडाचं दुकान होतं, मुंबईला येणं-जाणं होतं. त्यांच्या बैठकीत मी एक जुनी पेटी पाहिली होती, वर भरतकामाचं कापड टाकलेली. मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं.

"बाबा का गानेवाला मशीन," ते म्हणाले. "चलता है."

"मिस बकुळा का कोई गाना है?"

त्यांनी मान हलवली. नावं त्यांना माहीत नव्हती. तबकड्यांवरच्या चिठ्ठ्यांची अक्षरं कधीच उडून गेली होती. मग मी धीर करून, कशीबशी, ते गाणं म्हटलं. मला सूर नाही. पण 'पों पों'ला आल्यावर हाजींचा चेहरा एकदम दहा वर्षांच्या पोराचा झाला.

"पों पों!" ते ओरडले. आतून त्यांची सून बघायला आली. "ये तो हमारा गाना है! हम सब भाई लोग... मस्कत में तब गाड़ी कितनी थी? दो, चार. हमने गाड़ी बाद में देखी, हॉर्न पहले सुना."

शनिवारी सकाळी श्रीकांतदादा आम्हाला घेऊन गेले. मावशींनी त्यांना एवढंच सांगितलं होतं की मित्राच्या ओळखीच्या घरी जुनी गाणी ऐकायला जायचंय. त्या निळसर साडी नेसल्या होत्या. कॉर्निशच्या किनारी रस्त्यावरून जाताना समुद्र इतका शांत होता की उभ्या बोटींच्या खाली दुसऱ्या बोटी उलट्या उभ्या होत्या.

हाजींनी कहवा दिला, खजूर दिले, मग पेटीवरचं कापड काढलं. तबकडीच्या कडेचा एक टवका उडालेला होता, म्हणून गाण्याचं तोंड गेलं होतं. हाजींनी आखडलेला हात दुसऱ्या हाताने धरून सुई टवक्याच्या पुढे ठेवली. आधी नुसती खरखर, वाळूवरून कुणी चालत यावं तशी. मग हार्मोनियमचे सूर. मग एक बारीक, धारदार आवाज ओळीच्या मध्यातूनच सुरू झाला. चावी जुनी झाली होती, आवाज खाली घसरे, हाजी बोटाने तबकडीला हलकेच पुढे ढकलत, मग तो पुन्हा वर चढे. जणू एक मुलगी लांबून येतेय, मध्येच थांबतेय, पुन्हा पळतेय. पों पों झालं. हाजी लहान मुलासारखे हसले. मावशी हसल्या नाहीत. त्या मान पुढे काढून वाट बघत होत्या.

गाणं संपलं. खरखर. आणि मग, अगदी शेजारी बसून कुणी बोलावं इतकं स्पष्ट:

"माय नेम इज मिस बकु..." आणि हसू. दाबायचा प्रयत्न केलेलं, निसटलेलं, सतरा-अठरा वर्षांच्या मुलीचं हसू.

मावशींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आई? काय झालं?" श्रीकांतदादा उठले. "कोण गं ही?"

"माझी आई."

"काय बोलतेस? आजी तर..."

"सीता माझी मामी. ही माझी आई. गाणारी होती, सिनेमात होती. मी लपवलं."

हाजींना मराठी कळत नव्हतं. ते आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत होते. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "फिर से लगाऊँ?"

"लगाइए," मावशी म्हणाल्या.

तीन वेळा लावलं. तिसऱ्या वेळी श्रीकांतदादांनी खिशातून फोन काढला, आईकडे न बघता तो ग्रामोफोनजवळ धरला आणि शेवटपर्यंत धरून ठेवला.

निघताना हाजींनी तबकडी कापडात गुंडाळून मावशींपुढे केली. मावशींनी तिच्यावर हात ठेवला, क्षणभर डोळे मिटले आणि ती परत त्यांच्याकडे सरकवली.

"नहीं हाजीसाहब, आपके पास रहने दो. मेरे हाथ में टिकती नहीं."

त्यानंतर तीन आठवडे श्रीकांतदादा आईशी कामापुरतं बोलले. गोळी घेतलीस का, एसी कमी करू का. मेधावहिनी मध्ये पडायला गेल्या तर मावशींनीच त्यांना थोपवलं. मला म्हणाल्या, "त्याचा काय दोष? साठ वर्षं त्याला एक आजी दिली आणि एका सकाळी काढून घेतली. बोलेल सावकाश." पण त्या आठवड्यांत व्यायामाला त्यांचा जीव नव्हता. मी सोळा मात्रा धरायची आणि त्या बारालाच पाय सोडून द्यायच्या. सानिकाला मात्र कुणीतरी ते गाणं पाठवलं होतं. ती शाळेतून आली की आजीच्या खुर्चीच्या हातावर बसून, फोन कानाला लावून, "आजी, हाकीन म्हणजे ड्राइव्ह ना?" असं विचारायची.

डिसेंबरात मावशी पुण्याला गेल्या, आणि तिथेच, थंडी सरता सरता, झोपेत गेल्या. मला मेधावहिनींचा फोन आला तेव्हा मी रुवीत एका पेशंटच्या जिन्यात होते. फोन ठेवल्यावर मला त्या आठवल्या त्या मात्र त्याच रुवीत, त्यांच्या पुण्याला जाण्याआधीच्या एका सकाळच्या.

त्यांच्या पासपोर्टची मुदत संपत आली होती. रुवीत एका टायपिंगच्या दुकानात अर्ज भरून घ्यायचा होता. दुकानाला तीन पायऱ्या होत्या, म्हणून मला बोलावलं होतं. आत टायपिस्ट केरळचा, चाळिशीतला. जुना पासपोर्ट समोर उघडून भराभर टाइप करत होता. श्रीकांतदादा त्याच्या शेजारी उभे होते. मावशी स्टुलावर.

टायपिस्ट म्हणाला, "मदर्स नेम सीता..."

"सीता नहीं," श्रीकांतदादा म्हणाले. "द्वारका."

टायपिस्टने पासपोर्टवर बोट ठेवलं. "सर, इधर सीता लिखा है."

"वो इनकी मामी थीं. माँ का नाम द्वारका है."

"मिसमॅच होगा सर. रिजेक्ट कर देंगे. पेपर है कुछ? बर्थ सर्टिफिकेट?"

कागद कुठला असणार? मावशी स्टुलावरून म्हणाल्या, "राहू दे रे श्री. सीताच घाल. मामीनेही माझं काही वाईट केलं नाही."

श्रीकांतदादांनी स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतली. मग टायपिस्टला म्हणाले, "एक कॉपी द्वारका लिख के प्रिंट निकालो. वो हमारे लिए. फिर दूसरा सीता लिख के भेज दो."

टायपिस्टने खांदे उडवले आणि प्रिंट काढली. श्रीकांतदादांनी तो गरम कागद घडीही न घालता आईच्या मांडीवर ठेवला. मावशींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि त्या रकान्यावर बोट ठेवून बसून राहिल्या.

पायऱ्या उतरवून मी त्यांना गाडीत बसवलं. माझा पुढचा पेशंट तिथून दोन गल्ल्यांवर होता, म्हणून मी निरोप घेतला. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. श्रीकांतदादा समोरच्या कॅफेटेरियातून दोन कडक चहा घेऊन आले आणि दार ओढून आत बसले. दार बंद होता होता मला त्यांचा आवाज ऐकू आला:

"दिसायची कशी गं ती?"

मी रस्ता ओलांडला. मनी एक्स्चेंजपुढे माणसांची गर्दी होती, टॅक्सीवाले 'हमरिया, हमरिया' ओरडत गिऱ्हाइकं बोलावत होते, ऊन अजून कोवळं होतं. पलीकडे पोचल्यावर वळून पाहिलं. गाडी जागची हलली नव्हती. काचेआड मावशींचे दोन्ही हात वर होते, हवेत काहीतरी दाखवत होते. श्रीकांतदादा चहा न पिता पूर्ण वळून त्यांच्याकडे बघत बसले होते.